व्याह्यांची गोगलगाय

जगातली सगळी दुःखं हवा कमी पडल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमच्या व्याह्यांच्या मते इडली फुगत नाही ती हवेवाचून, मुलं नापास होतात ती वर्गाच्या खिडक्या बंद असतात म्हणून, आणि दोन भावांत भांडण लागतं तेही दिवाणखाना कोंदट असल्यामुळे. एकदा त्यांच्या घरचा जिना चढून मला धाप लागली, तेव्हा मी सहानुभूतीच्या अपेक्षेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्याकडे इंधनाला तोटा नाही. हवा कमी पडते." व्याह्यानं व्याह्याला असं बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. पण त्यांचा स्वर इतका निर्मळ होता, की मी मुकाट्यानं खिडकी उघडून तिच्यापाशी जाऊन बसलो.

हे ज्ञान त्यांना पुस्तकातून आलेलं नाही. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात हवा ढकलणारी यंत्रं तयार करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं पर्वती चढतात, हास्यक्लबात जाऊन हात वर करून हसतात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. व्याह्यांनी यातलं काही केलं नाही. ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरले आणि लग्नाच्या आधीपासून सांभाळलेल्या आपल्या पेट्रोल जीपचं बॉनेट उघडून उभे राहिले. पुढची काही वर्षं ते बॉनेट फारसं मिटलंच नाही. जीपला हवा कमी पडते, हे निदान त्यांनी फार पूर्वी केलं होतं. आता उपचार सुरू झाले. या उपचाराचं नाव सुपरचार्जर. इंजिन आपल्या दमानं जेवढी हवा ओढतं, त्याहून जास्त हवा त्याच्या घशात कोंबणारं हे यंत्र असतं. ते इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतं, म्हणजे इंजिन स्वतःच राबतं आणि स्वतःलाच भरवतं. ही व्यवस्था ऐकून आमची ही म्हणाली, "मग यात नवीन काय? बायका हेच करतात."

त्यांची-आमची पहिली भेट लग्नाच्या बैठकीतली. मंडईजवळच्या आमच्या घरी मुलाकडची मंडळी आली ती दोन वाहनांतून. विहीणबाई मुलाबरोबर रिक्षातून उतरल्या आणि पाठोपाठ हे एकटेच जीपमधून आले, हाताचं ग्रीस पुसत. एका घरातली माणसं एकाच ठिकाणी यायला वेगवेगळी का निघतात, हे आम्हाला कळेना. घरात काहीतरी धुसफूस आहे, असं हिनं स्वयंपाकघरात मला दबक्या आवाजात सांगितलं आणि पोह्यांवर खोबरं पेरता पेरता स्थळ जवळजवळ नाकारूनही टाकलं. तेवढ्यात व्याह्यांनी पिशवीतून एक कागद काढून चहाच्या ट्रेशेजारी पसरला. मला वाटलं, मुलाची पत्रिका. कागदावर एकात एक गुंतलेली वेडीवाकडी वर्तुळं होती. मी चष्मा लावून मंगळ शोधू लागलो. "हा सुपरचार्जरचा नकाशा," ते म्हणाले, "आपलं इंजिन या मधल्या वर्तुळात बसलं पाहिजे. डावीकडे गेलं तर हवा उलटी फिरते, उजवीकडे गेलं तर दम संपतो." मी चाचरत मुलाविषयी विचारलं, तर मुलगा चांगला आहे, त्याचं तुम्ही आणि मुलाची आई काय ते बघा, असं म्हणून त्यांनी बोट पुन्हा वर्तुळावर ठेवलं. लग्न शेवटी बायकांनीच ठरवलं, आणि ते उत्तम चाललं आहे. ते मधल्या वर्तुळात बसलं असावं.

सुपरचार्जर निवडणं हे मुलगी पाहण्यापेक्षा अवघड असतं, हे मला या सोयरिकीमुळे कळलं. फार मोठा घेतला तर तो जागा होईपर्यंत रस्ता संपतो. फार छोटा घेतला तर भलत्या वेगानं फिरून हवा तापवतो, आणि तापलेली हवा इंजिनाला शिळ्या अन्नासारखी बाधते. शिवाय जाती वेगळ्या. एका जातीत दोन लाटणी एकमेकांत फिरावीत तशा दांड्या असतात आणि त्या पहिल्या फेरीपासून हवा दाबू लागतात. दुसरी जात सेंट्रिफ्यूगल. हिच्यात एक पात्यांचं चाक भयंकर वेगानं गरगरतं आणि हवा बाहेर फेकतं. पण इंजिन हळू चाललं असताना ही जवळजवळ काहीच करत नाही. फेऱ्या वाढतील तशी जागी होते आणि अगदी शेवटी जीव तोडून काम करते, आमच्या बँकेत मार्च महिन्यात व्हायचं तसं. जीपसारख्या गाडीला पहिली जातच बरी, असं व्याह्यांना त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकानं सांगितलं. त्यांनी दुसरी घेतली. मी कारण विचारलं तेव्हा ते दुखावले. "आयुष्यभर या चाकाचं मीठ खाल्लं, व्याहीबुवा. आता म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

एकदा ती वस्तू घरी आल्यावर तिच्यासाठी बाकीचं इंजिन बदलणं ओघानंच आलं. पिस्टन बदलले, गॅस्केट जाड झाली, पेट्रोलचा पंप मोठा आला, हवा थंड करायला पुढे एक जाळीदार इंटरकूलर बसला. मग पट्टा ज्या चाकावर चढतो त्या पुलीचा प्रश्न निघाला. पुली जितकी लहान तितकं आतलं चाक जोरात फिरतं, आणि फारच लहान केली तर पट्टा घसरतो. म्हणून त्यांनी लेथवर निरनिराळ्या मापांच्या पुल्या कातून घेतल्या होत्या आणि कासारणीच्या बांगड्यांसारख्या एका सळईत ओवून ठेवल्या होत्या. पाहुणे आले की विहीणबाई अल्बम काढायच्या आणि हे पुल्या. त्या यंत्राचं बाहेरचं कवच शिंपल्यासारखं वळत गेलेलं असतं, म्हणून विहीणबाईंनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. गाडीला वेग देणाऱ्या यंत्राला गोगलगाय म्हणणं हा अपमान होता, पण त्यांच्या घरात विहीणबाईंनी ठेवलेलं नाव बदलत नाही. महिन्याभरात व्याहीही "आज गोगलगायीचं तेल बदललं" असं म्हणू लागले.

गाडी तयार झाली, आणि मग लक्षात आलं की ती पुण्यात आहे. हडपसरपासून मंडईपर्यंत इंजिनाच्या फेऱ्या वर चढतील असा एक तुकडाही रस्त्यात नाही. गोगलगायीला जाग यायच्या आत पुढे बस उभी असते, बसपुढे रिक्षा, आणि रिक्षापुढे भर रस्त्यात थांबून मोबाईलवर बोलणारा कुणीतरी. व्याही तरीही दर आठवड्याला कोथिंबीर आणायला मंडईत यायचे आणि परतताना मला शेजारी बसवून घ्यायचे. दाबलेली हवा किती झाली हे दाखवणारा एक काटा डॅशबोर्डवर होता. तो मोठ्यानं वाचणं हे माझं काम.

"काटा बोला, व्याहीबुवा."

"शून्य."

"आता?"

"शून्यच."

असं आम्ही हडपसर गाठायचो. पाय पेडलवरून उचलला की उरलीसुरली हवा एका झडपेतून फुस्सकन बाहेर पडायची. त्यांच्या पार्किंगवरच्या घरातल्या काकू ती कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करायच्या. त्यांच्याकडे वर्षभर डाळ कच्ची राहिली म्हणतात. त्यांनी सोसायटीत लेखी तक्रार केली, तेव्हा व्याह्यांनी तितकंच लेखी उत्तर दिलं की आपण हवा सोडतो, आवाज तिचा ती करते.

एकदा मात्र रविवारी पहाटे ते मला सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे घेऊन गेले. रस्ता मोकळा होता. त्यांनी तिसऱ्या गिअरवरच पाय दाबून धरला. पीठगिरणी सुरू होताना येतो तसा एक बारीक आवाज निघाला, चढत चढत पार कानाच्या वर गेला, काटा हलला, आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी काटा वाचायचं सोडून डोळे मिटून घेतले. गाडी थांबली ती एका चहाच्या टपरीपाशी. तिथे बसलेला एक शेतकरी उठून आला, त्यानं बॉनेटवर प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाला, "काका, लई झ्याक वरडतीया. इकायची झाली तर मला सांगा. शेड हाय माझ्याकडं." व्याह्यांनी चहाही घेतला नाही. अशी मागणी करणं त्या माणसाला शोभत नाही, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

हे सगळं कशासाठी, हे मला हिनं सांगितलं, आणि तिला विहीणबाईंनी. त्यांच्या नव्या संसाराच्या दिवसांत विहीणबाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न सासवडला होतं. नवरा-बायको जीपनं निघाले. दिवेघाटात जीप तापून उभी राहिली. व्याही बॉनेट उघडून तिला हवा कशी कमी पडते ते समजावत राहिले आणि मुहूर्त जवळ येत गेला. शेवटी पैठणी नेसलेल्या विहीणबाई कांद्याच्या एका टेंपोत चढल्या आणि निघून गेल्या. शेवटच्या मंगलाष्टकाला त्या मांडवात पोचल्या. बहिणीच्या अल्बममध्ये त्यांच्या अंबाड्यात कांद्याचं साल आजही दिसतं. जीप संध्याकाळी आली, जेवणं उरकल्यावर. त्या दिवशी विहीणबाईंनी पुन्हा या गाडीत बसणार नाही म्हणून सांगितलं, आणि बसल्या नाहीत. न चिडता, न बोलता, रिक्षानं. लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, सगळीकडे हे दोघं वेगवेगळे निघून एका वेळी पोचत. व्याह्यांनी एकदाही आग्रह केला नाही. ते इंजिनाला हवा भरत राहिले. त्यांना एकच गोष्ट हवी होती, विहीणबाईंना शेजारी बसवून न थांबता घाट चढायचा.

आणि मग त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली. जुनी इमारत पाडून उंच टॉवर होणार, आणि त्यात गाड्या एकावर एक रचून ठेवणारं यंत्राचं पार्किंग. जीप त्या खणात उंचीला बसत नव्हती. व्याही टेप घेऊन बिल्डरच्या कचेरीत जाऊन आले, परत जाऊन आले. खण तेवढाच राहिला. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची होती. लोणी काळभोरच्या त्या शेतकऱ्याला फोन त्यांनी स्वतःच केला. त्या आठवड्यात ते आमच्याकडे आले, खिडकी बंद होती तरी काही न बोलता बसले. मला फार वाईट वाटलं. मी स्वतः उठून खिडकी उघडली, तर म्हणाले, राहू द्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी आपणहून विषय काढला. "जाणाऱ्याला पोचवायला जातात ना, तशी बसेन. एकदाच. घाटात थांबली तर मात्र मी उतरणार, आणि उतरले की संपलं." हिला आणि मला साक्षीदार म्हणून मागच्या बाकावर बसायचं होतं.

दसऱ्याला सकाळी आम्ही पोचलो तेव्हा जीप धुऊन पुसून उभी होती. घाटात श्वास मोकळा मिळावा म्हणून व्याह्यांनी गोगलगायीचा हवेचा पाइप पुढच्या जाळीपर्यंत आणला होता, आणि त्या दिवसापुरता त्यावरचा फिल्टरही काढून ठेवला होता. तोंडावर रुमाल बांधून कुणी डोंगर चढतं का, असं त्यांचं म्हणणं. मग विहीणबाई खाली आल्या. हातात पूजेचं ताट आणि झेंडूचा हा एवढा मोठा हार. इतक्या वर्षांत दसऱ्याला त्यांनी शिलाई मशीन पुजलं, विळी पुजली, मुलाचा कॉम्प्युटर पुजला. जीपची पूजा व्याही एकटेच करायचे. आज विहीणबाईंनी जीपला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि तो हार बॉनेटवरून पुढे सोडला. त्याचा गोंडा पाइपच्या तोंडापाशी लोंबत राहिला. व्याह्यांनी तो पाहिला. मुलाच्या लग्नात होम धुमसतो म्हणून गुरुजींना समिधा विरळ रचायला लावणारा हा माणूस. त्यांनी तोंड उघडलं, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि मिटलं. हार बोटभर बाजूला सरकवला आणि म्हणाले, "चला."

काटा वाचायचं माझं काम विहीणबाईंकडे गेलं. वडकी गाव मागे पडलं, दिवेघाटाचा चढ लागला, आणि व्याह्यांनी दुसऱ्या गिअरवर इंजिन असं काही रेटलं की ती पीठगिरणी सुरू झाली. ट्रक मागे पडले. "हलला," विहीणबाई म्हणाल्या. मग जरा वेळानं, "बराच हलला हो." त्या एका 'हो'साठी व्याह्यांनी आयुष्यातली किती वर्षं पार्किंगमध्ये घालवली होती, ते मला त्यांच्या मानेवरून मागून दिसत होतं. दुसरं वळण झालं, तिसरं झालं, खाली मस्तानी तलाव दिसू लागला. आणि एकाएकी बॉनेटखालून भरड काहीतरी दळल्यासारखा आवाज आला, बॉनेटवरचा हार डोळ्यांदेखत शेवयांसारखा आत ओढला गेला, मागून काळा धूर निघाला आणि इंजिन खोकत खोकत बंद पडलं. जीप रस्त्याकडेला उभी राहिली. सगळीकडे झेंडूचा वास पसरला.

व्याह्यांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. हिनं माझा हात धरला. विहीणबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. तेवढ्यात मागून फ्लॉवरच्या गड्ड्यांनी भरलेला एक टेंपो आला, आम्हाला पाहून हळू झाला, आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "मावशी, सासवडला सोडू का?"

विहीणबाईंनी त्या टेंपोकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "नको. आमची गाडी आहे."

टेंपो गेला. पर्स पुन्हा खाली ठेवली गेली. व्याही उतरून बॉनेट उघडू लागले, आणि विहीणबाई खाली उतरल्या त्या बॉनेटपाशी जायला. सोडवलेले बोल्ट घरंगळून दरीत जायला लागले, तसा त्यांनी पदराचा ओचा केला आणि पुढे धरला. त्यात बोल्ट पडत राहिले, क्लॅम्प पडले, आणि मग गोगलगायीच्या पोटातून आणि इंटरकूलरच्या जाळीतून निघालेला झेंडूचा चिवडा. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. मदत करण्यासारखं काही नव्हतं आणि जवळ जावंसंही वाटेना.

"तुम्हाला दिसला होता ना हार?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मग काढला का नाहीत?"

व्याह्यांनी एक पाकळी जाळीतून ओढून काढली. "तू पहिल्यांदाच घातला होतास."

विहीणबाईंनी ओचा जरा वर धरला, एवढंच. इतका जाणता माणूस इतका वेडेपणा करतो, हे पाहून मला हसू यायला हवं होतं. मला भरून आलं, हे मी कबूल करतो.

गोगलगायीच्या आतल्या चाकाच्या आसाला हाराचा दोरा असा आवळून बसला होता, की ती चालू होणं त्या दिवशी शक्यच नव्हतं. व्याह्यांनी तिचा पट्टा काढून टाकला, पाइप तिला वगळून थेट इंजिनाला जोडला, आणि जीप सुरू केली. पहिल्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांना वाट देत, त्या बिनहवेच्या जीपनं उरलेला घाट सरळ चढून दाखवला. तापली नाही, की थांबली नाही. माथ्यावर सीताफळं विकायला बसलेल्या बाईपाशी आम्ही उभे राहिलो. विहीणबाईंच्या पदराला ग्रीसचे आणि झेंडूचे डाग पडले होते. सीताफळ फोडता फोडता त्या म्हणाल्या, "नुसती पहिल्या गिअरमध्ये चढते की. मग तेव्हाच असं का नाही चढवलीत?"

व्याह्यांनी सीताफळाच्या बिया हातावर घेतल्या. "तेव्हा बोल्ट धरायला कुणी नव्हतं," ते म्हणाले.

दिवाळीनंतर जीप लोणी काळभोरला गेली. ती न्यायला आलेल्या शेतकऱ्यानं गोगलगायीसाठी फार आग्रह धरला, पण व्याह्यांनी ती आधीच उतरवून ठेवली होती. आता ते दोघं आमच्याकडे येतात ते एकाच रिक्षातून. चढ आला की व्याही अजून पुढे वाकतात आणि रिक्षावाल्याला गिअर बदलायला सांगतात. रिक्षावाले त्यांना काय सांगतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा दसऱ्याला आम्ही त्यांच्या भाड्याच्या घरी गेलो. घर चांगलं आहे, फक्त समोर दुसरी इमारत असल्यामुळे वारा येत नाही. गोगलगाय टीव्हीशेजारच्या फळीवर आहे. विहीणबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, आणि झेंडूचं एकच फूल तिच्या तोंडापासून हातभर लांब ठेवलं. मग त्या समोर पाटावर बसल्या. व्याह्यांनी पुलीला हात घातला आणि सगळा जोर लावून ती फिरवली. आत चाक गरगरलं, जुना तो बारीक आवाज जेमतेम निघाला आणि विरला. विहीणबाईंच्या कपाळावरची पांढरी बट किंचित हलली.

"येते का हवा?" व्याह्यांनी विचारलं.

"येते," त्या म्हणाल्या. "अजून एकदा फिरवा."